स्कूटर कमरेला सोसेल इतकी उंच कशी करावी: घरी दुरुस्ती करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कूटर मुळातच ठेंगणी. बसायला, उतरायला, पाय टेकवायला सोपी म्हणून ती तशी बनवली जाते, पण दुरुस्तीला बसलं की हाच ठेंगणेपणा नडतो. ऑइलचा बोल्ट, मागचं चाक, बेल्टचं कव्हर, सायलेन्सरचे नट हे सगळं जमिनीपासून हात-दीड हाताच्या आत. माझ्या कमरेने तक्रार केली तेव्हा मी स्कूटर वर घ्यायच्या मागे लागलो. त्यात चुका झाल्या, एकदा स्कूटर आडवीही झाली. लोक मला जे विचारतात आणि मी स्वतःला जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

स्कूटर उंच करायची खरंच गरज आहे का? जमिनीवर बसून काम होतंच की.

होतं. पंधरा मिनिटांचं काम असेल, म्हणजे स्पार्क प्लग बदलणं, ब्रेकची केबल थोडी ताणणं, टायरची हवा पाहणं, तर एक छोटा पाट घ्या आणि बसा. त्यासाठी काही उभारू नका.

काम तासाभराच्या पुढे गेलं की चित्र बदलतं. उकिडवं बसून, मान खाली घालून काम करणारा माणूस घाई करायला लागतो. शेवटचे दोन बोल्ट नीट घट्ट केलेत का, हे परत तपासायला तो खाली वाकत नाही. ब्रेक शू पुसायचे राहून जातात. नट चुकीच्या आट्यावर बसलाय हे हाताला कळतं, पण पाठीला उठायची घाई असते म्हणून तो तसाच ओढला जातो. माझ्या हातून खराब झालेले दोन्ही आटे असेच गेले, दोन्ही वेळा मी जमिनीवर होतो. उंचीमुळे आराम मिळतोच, पण मी ती घेतो ती काम नीट व्हावं म्हणून.

किती उंच करावी?

कोपराइतकी. ज्या भागावर सर्वांत जास्त वेळ काम आहे तो भाग तुमच्या कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली यावा.

आता हिशेब. १० किंवा १२ इंची चाकाच्या स्कूटरमध्ये चाकाचा मध्य, म्हणजे एक्सल, जमिनीपासून साधारण २२ ते २३ सेंमीवर असतो. तुम्ही ३५ ते ४० सेंमी उंचीच्या स्टुलावर बसलात तर तुमचं कोपर जमिनीपासून साधारण ६० सेंमीवर येतं. दोन्हींतला फरक ३५ ते ४० सेंमी. बसून काम करायचं असेल तर स्कूटरला एवढीच उंची द्यायची आहे.

उभं राहून काम करायचं म्हटलं तर कोपर एक मीटरच्या आसपास जातं आणि स्कूटर ७५ ते ८० सेंमी वर न्यावी लागते. गॅरेजमधली हायड्रॉलिक टेबलं तेवढी जातात, कारण मेकॅनिकला दिवसभर उभं राहून दहा गाड्या पाहायच्या असतात. घरी महिन्यातून एकदा काम करणाऱ्याने तिथवर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ३५ सेंमीवरून स्कूटर घसरली तर प्लास्टिक फुटेल. ८० सेंमीवरून घसरली तर शंभर किलोचं धूड तुमच्या अंगावर येईल.

घरात काहीच साधन नाही. आजच्या आज थोडी तरी उंची मिळेल का?

मिळेल, आणि पुष्कळ कामांना ती पुरते. स्कूटर डबल स्टँडवर लावायची, फक्त स्टँडचे पाय जाड फळीवर टेकवायचे. नुसती स्टँडखालीच फळी ठेवली तर स्कूटर ओढून स्टँडवर घेणं जड जातं, कारण स्टँड जणू लांब झालेला असतो. म्हणून मागचं चाक आधी दोन सेंमीच्या फळीवर चढवा, स्टँडखाली चार सेंमीची फळी आडवी सरकवा, मग नेहमीसारखी स्टँडवर ओढा. झालं की चाकाखालची फळी काढून घ्या. मागचं चाक मोकळं फिरतं, खाली तेलाचं पसरट भांडं सहज सरकतं.

यातून मिळणारी उंची फक्त मागच्या बाजूला आहे आणि स्कूटर पुढे झुकते, एवढं लक्षात असू द्या. इंजिन ऑइलची पातळी या अवस्थेत मोजू नका. पातळी सपाट जमिनीवर, मालकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनेच मोजायची. झुकलेल्या स्कूटरमध्ये काडीवरची खूण खोटं सांगते. ११० सीसीच्या इंजिनात एकूण ऑइलच पाऊण लिटरच्या आसपास असतं, तिथे शंभर मिलीची चूकही मोठी.

स्कूटर आडवी करून काम केलं तर? हलकीच तर आहे.

नको. पेट्रोल टाकीच्या झाकणातून आणि हवेच्या नळीतून बाहेर येतं, कार्ब्युरेटर असेल तर तिथूनही. इंजिन ऑइल एअर फिल्टरकडे जाऊ शकतं. साधी पाण्याची बॅटरी असेल तर आम्ल गळतं. आणि बाजूचं पॅनेल, ब्रेकचा दांडा, आरसा यांवर सगळा भार येतो.

विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचून त्यावर फळी टाकली तर चालेल ना?

याच उत्तरासाठी हे सगळं लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल. माझी स्कूटर पडली ती विटांवरूनच.

विटांच्या चार थप्प्या, वर जाड फळ्या, असा तो थाट होता. स्कूटर चढवली, हलवून पाहिली, सगळं पक्कं वाटलं. मग मागच्या चाकाचा मोठा नट सोडवायला लांब पाना लावला आणि अंगातला जोर काढला. फळी दोन बोटं सरकली, एका थप्पीतली वरची वीट फुटली, आणि स्कूटर माझ्या विरुद्ध बाजूला गेली. विरुद्ध बाजूला गेली हे नशीब. त्या बाजूला त्या दिवशी कोणी उभं नव्हतं, हेही नशीबच.

वीट आणि पोकळ ब्लॉक सरळ वरून आलेला पसरट भार छान झेलतात, भिंतीत त्यांचं कामच ते. पण एका कडेवर किंवा टोकावर आलेला भार, आणि त्यात बाजूने बसलेला झटका, त्यांना सोसत नाही. लाकूड मोडण्याआधी करकरतं, वाकतं, इशारा देतं. वीट काही न सांगता फुटते. म्हणून वजनाखाली लाकूड किंवा लोखंड, वीट कधीही नाही.

त्या दिवशीचा दुसरा धडा विटांइतकाच मोलाचा आहे: घट्ट नट स्कूटर जमिनीवर असतानाच सैल करायचे. मागच्या चाकाचा नट, सायलेन्सरचे बोल्ट, शॉकअपचे बोल्ट हे सगळे आधी अर्धा फेरा सैल करून मग स्कूटर वर घ्यायची. शेवटचा जोर देऊन आवळायचं कामही स्कूटर खाली आल्यावर, पण ती चालवण्याच्या आधी. विसरू नये म्हणून मी त्या नटावर खडूने खूण करतो आणि आवळल्यावर पुसतो.

कायमचा लाकडी ओटा बनवायचा आहे. मापं सांगाल का?

स्कूटरची पूर्ण लांबी साधारण पावणेदोन ते एक मीटर पंच्याऐंशी सेंमी असते आणि दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या थोडं पुढे. ओटा दोन मीटर लांब ठेवा. स्कूटर डबल स्टँडवर घेताना ती मागे सरकते आणि स्टँडवरून उतरवताना पुढे उडी घेते, त्यासाठी दोन्ही टोकांना जागा लागते. रुंदी ६० सेंमी पुरे. त्याहून रुंद केला तर बसून काम करताना हात पोचत नाही आणि पुन्हा वाकावं लागतं, म्हणजे मूळ दुखणं परत आलं.

उंची ३५ सेंमी. वरची फळी १८ मिमी प्लायवूड, त्याखाली लांबीच्या दिशेने तीन वासे उभ्या बाजूवर ठेवलेले, दर ४० सेंमीला एक आडवी पट्टी. मधला वासा अगदी मध्यभागी हवा, कारण दोन्ही चाकं त्याच रेषेवरून जातात. स्टँडचे पाय जिथे टेकतात तिथे मात्र भार दोन लहानशा ठिपक्यांवर येतो. तिथे प्लायवूडवर लोखंडी पत्रा ठोका, नाहीतर काही महिन्यांत खळगे पडतात आणि स्टँड तिरका बसू लागतो.

बनवताना एकच तत्त्व सोडू नका: भार लाकडाने लाकडावर द्यायचा, स्क्रूवर नाही. वासा पायाच्या बाजूला लावून स्क्रूने अडकवला तर शंभर किलो त्या दोन-चार स्क्रूंवर लटकतात. वासा पायाच्या डोक्यावर ठेवा, स्क्रू फक्त तो सरकू नये म्हणून. आणि पायांमध्ये तिरप्या पट्ट्या हव्यातच. सरळ पायांचा ओटा उभा भार झेलेल, पण पान्याच्या एका हिसक्याने पत्त्यांच्या घरासारखा एका बाजूला झोपेल.

११० सीसीच्या आसपासची स्कूटर १०० ते ११० किलोची असते, बॅटरीवर चालणारी बरेचदा त्याहून जड. त्यात चढवताना तुमचं वजन, वर हिसके. ओटा अडीचशे-तीनशे किलो सोसेल असाच बनवा. तयार झाल्यावर स्कूटर चढवण्याआधी दोन-तीन मोठी माणसं त्यावर उभी करा आणि त्यांना डावी-उजवीकडे डोलायला सांगा. करकर ऐकू आली तर पट्ट्या वाढवा.

मालवाहतुकीच्या जुन्या पॅलेटवर चालेल का?

दोन-तीन पॅलेट एकमेकांवर ठेवून चांगली उंची मिळते, पण पॅलेटच्या फळ्यांत फटी असतात आणि स्टँडचा पाय नेमका फटीत जातो. वर अख्खं प्लायवूड टाकून ते स्क्रूने पक्कं करा, पॅलेटही एकमेकांना पट्ट्यांनी जोडा. आयात-निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो: एचटी म्हणजे लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबी शिक्क्याचं लाकूड कापायला, घासायला घेऊ नका.

रॅम्प किती लांब हवा?

जागा असेल तितका लांब. लोक ओट्यावर भरपूर मेहनत घेतात आणि रॅम्पला उरलेली फळी लावतात, आणि अपघात रॅम्पवरच होतात.

३५ सेंमी उंचीला १.८ मीटरची फळी लावली तर १०५ किलोची स्कूटर वर ढकलायला साधारण २० किलोचा जोर लागतो. दीड मीटरची लावली तर २५ किलोच्या आसपास. एक मीटरची लावली तर ३७ किलो, आणि तोही चालता चालता, एका हाताने तोल सांभाळत. आता हीच १.८ मीटरची फळी ७५ सेंमीच्या ओट्याला लावून पाहा: ४४ किलो. एकट्याचं काम नाही.

जोरापेक्षा एक बारीक गोष्ट जास्त फसवते. पुढचं चाक ओट्यावर आलं, मागचं अजून रॅम्पवर आहे, अशा क्षणी रॅम्प आणि ओटा जिथे मिळतात तो कोपरा स्कूटरच्या पोटाजवळ येतो. दीड मीटरच्या फळीला हा कोपरा दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या साडेसात सेंमी वर येतो. एक मीटरच्या फळीला अकरा-साडेअकरा सेंमी. स्कूटरचं पोट जमिनीपासून पंधरा-सोळा सेंमीवर असतं, पण मिटलेला डबल स्टँड त्याच्याही खाली लोंबतो. तो कोपऱ्याला अडकला की स्कूटर अर्ध्यावर थांबते, धड वर जात नाही की खाली येत नाही.

फळीचं वरचं टोक ओट्याला बिजागरी किंवा दोन खिळ्यांच्या खाचेने अडकवा. नुसती टेकवलेली फळी चाकाच्या पहिल्या धक्क्याला मागे निघते. पृष्ठभागावर खरखरीत पट्टी चिकटवा. रॅम्पची रुंदी २५ ते ३० सेंमी पुरे, तुम्ही स्वतः बाजूने जमिनीवरूनच चालायचं आहे. ३५ सेंमीपर्यंत हे जमतं, हॅन्डल छातीपर्यंत येतं एवढंच. ७५ सेंमीला हॅन्डल डोक्याच्या वर जाईल, तेव्हा तुम्हालाही ओट्यावर चढावं लागेल. कमी उंचीचा आग्रह धरायचं हे आणखी एक कारण.

इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर देत चढवली तर सोपं पडेल ना?

नाही. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच ठरावीक फेऱ्यांनंतर स्वतःहून पकडतो. तुम्ही हळूहळू मूठ पिळता, काही होत नाही, अजून थोडी पिळता, आणि स्कूटर एकदम झेपावते. दोन मीटरच्या ओट्यावर थांबायला जागा नसते. किल्ली बंद, दोन माणसं: एक हॅन्डलशी ब्रेकवर हात ठेवून, दुसरा सीटमागच्या धरायच्या दांड्याला पकडून ढकलणारा. एकट्याने करायचंच झालं तर रिकाम्या डिकीने, कोरड्या दिवशी, आणि आधी जमिनीवर तोल सांभाळत ढकलायचा सराव करून.

वर गेल्यावर स्कूटर हलू नये म्हणून काय करायचं?

डबल स्टँड कसा मिटतो ते आधी समजून घ्या. स्कूटर पुढे सरकली की तो मिटतो. म्हणजे तिला पुढे जाऊ द्यायची नाही, एवढं एक काम पक्कं केलं की निम्मी लढाई जिंकली. पुढच्या चाकाच्या पुढे लाकडी पाचर ओट्याला स्क्रूने ठोका. पुढचा ब्रेक दाबून त्याची मूठ रबरी पट्टीने किंवा कापडाने बांधून ठेवा. आणि स्टँडचा एक पाय पट्ट्याने पुढच्या चाकाशी बांधा, म्हणजे स्टँडला मागे दुमडायला वावच उरत नाही. मी हे तिन्ही करतो.

बाजूला पडू नये म्हणून दोन रॅचेट पट्टे (खटक्याने ताणून आवळायचे पट्टे), हॅन्डलच्या दोन बाजूंनी ओट्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत. पट्टा हॅन्डलच्या प्लास्टिक कव्हरवरून घेऊ नका, पुढच्या फोर्कच्या लोखंडाला घ्या. पुढचे शॉकअप थोडे दबतील इतकंच ताणा. पुढचंच चाक काढायचं असेल तर अर्थातच पट्टे सीटमागच्या दांड्यावरून घ्यायचे.

मग सीटमागचा दांडा धरून स्कूटर सगळ्या बाजूंनी हलवा. संकोच करू नका, पान्याने देणार असाल तेवढा जोर द्या. पडायची असेल तर तुम्ही सावध उभे असताना डगमगू दे, तुमचा हात चाकाखाली असताना नको.

एक-एक भाग काढत गेल्यावर तोल बदलतो का?

बदलतो, आणि नवख्या माणसाला हे सुचत नाही. स्कूटरचं जड सामान, म्हणजे इंजिन, बेल्टची पेटी, मागचं चाक, मागे असतं. डबल स्टँडवर उभी असताना काही स्कूटरचं पुढचं चाक जमिनीला टेकतं आणि मागचं अधांतरी असतं, तर जुन्या पत्र्याच्या बॉडीच्या स्कूटर बरेचदा मागच्या चाकावर टेकतात आणि पुढचं उचललेलं असतं. तुमची कशी उभी राहते ते आधी पाहा.

पुढचं चाक आणि फोर्क उतरवला की पुढचा भार कमी होतो आणि स्कूटर मागे बसू पाहते. मागचं चाक, सायलेन्सर उतरवला की ती पुढे झुकते. दोन्ही वेळा, भाग काढण्याच्या आधी, मोकळ्या होणाऱ्या टोकाखाली लाकडी ठोकळा द्या. नंतर देऊ म्हणाल तर तोवर दोन्ही हात गुंतलेले असतील.

मागचा शॉकअप काढताना आणखी एक गोष्ट. बहुतेक गिअरलेस स्कूटरमध्ये इंजिन सांगाड्याला घट्ट जोडलेलं नसतं, ते मागच्या चाकासकट खालीवर झुलतं आणि शॉकअप त्याला धरून ठेवतो. बऱ्याच मॉडेलमध्ये डबल स्टँड इंजिनलाच बसवलेला असतो. अशा स्कूटरचा शॉकअप काढलात की स्टँडवर इंजिन उभं राहतं आणि बाकीची स्कूटर खाली बसते. म्हणून तेव्हा आधार सांगाड्याच्या नळीखाली द्यायचा, इंजिनखाली नाही.

कारचा जॅक वापरला तर?

वजन उचलायचा प्रश्नच नाही, जॅक ते सहज उचलतो. प्रश्न आहे तो टेकवायचा कुठे. स्कूटरचं पोट म्हणजे प्लास्टिकचं आवरण, मध्ये एक-दोन नळ्या, मागे झुलणारं इंजिन. इंजिनखाली लावला तर आधी शॉकअपच दबतो आणि स्कूटर वर येतच नाही असं वाटतं. नळीखाली लावला तर जॅकचं छोटं डोकं गोल नळीवरून घसरतं. जॅकने उचलायचं, लगेच ठोकळा सरकवायचा, आणि भार ठोकळ्यावर सोडून जॅक काढून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. जॅकवर उभ्या असलेल्या स्कूटरखाली हात घालू नका.

मोटारसायकलचे मागच्या चाकाचे पॅडॉक स्टँडही इथे बसत नाहीत. ते चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना पकडतात, आणि पुष्कळ स्कूटरमध्ये चाक एकाच बाजूने धरलेलं असतं.

छताला टांगून उचलली तर?

पंख्याच्या हुकाला कधीही नाही. तो हुक पंख्याच्या वजनासाठी आहे. चेन पुली वापरायची असेल तर बांधकामातला भक्कम लोखंडी गर्डरच हवा, आणि तोही भार सोसेल हे जाणकाराने पाहिलेलं असावं. टांगलेली स्कूटर झुलते, त्यामुळे पुलीने उचलून ओट्यावर ठेवणं ठीक, लोंबकळत्या स्कूटरवर काम करणं नाही.

हायड्रॉलिक टेबल घेतलंच तर काय पाहावं?

टेबल वर गेल्यावर आडवा लोखंडी दांडा किंवा खटका बसून ते यांत्रिकपणे अडकलं पाहिजे. नुसत्या तेलाच्या दाबावर उभं राहणारं टेबल घेऊ नका, सील गेलं की ते खाली येतं. मागच्या चाकाखालची फळी काढता येणारं असेल तर उत्तम, चाक मडगार्डमधून खाली उतरवता येतं. आणि टेबल ८० सेंमी जातं म्हणून तिथवर न्यायलाच हवं असं नाही, मधल्या खटक्यावर ठेवून स्टूल ओढून बसा.

उंचावर असताना इंजिन चालू करून पाहायचं असेल तर?

मागचं चाक पूर्ण अधांतरी असेल तरच, आणि उघड्या जागेतच. बंद खोलीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. गिअरलेस स्कूटरचं अधांतरी चाक मूठ न पिळताही हळूहळू फिरू शकतं, त्यात दोष नाही, पण ओढणी, सैल बाही, मोकळे केस जवळ नकोत. फिरतं चाक ओट्याला टेकलं तर स्कूटर तिथून निघेल. म्हणून चाक आणि ओटा यांत किमान चार बोटं अंतर ठेवा.

बॅटरीवरच्या स्कूटरचा धोका उलटा आहे: ती चालू आहे हे ऐकूच येत नाही. काम सुरू करण्याआधी मुख्य स्विच किंवा एमसीबी बंद करा, किल्ली खिशात ठेवा. चुकून मूठ पिळली गेली तर चाक तत्क्षणी पूर्ण जोराने फिरतं.

खाली कशी आणायची?

हा प्रश्न स्कूटर वर न्यायच्या आधी विचारा. ब्रेक उघडून ठेवलेत, एक सुटा भाग दुकानात मिळाला नाही, आणि ओटा पावसात भिजतोय, अशी वेळ येते. ब्रेक नसलेली स्कूटर उतारावरून आणणं म्हणजे दगड सोडून देणं. ब्रेकचं काम वर काढायचं असेल तर सगळे भाग हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका.

उतरवण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहा, चाक हाताने फिरवून पाहा. पट्टे सोडा, पण पुढची पाचर राहू द्या, म्हणजे स्टँडवरून घेताना स्कूटरची उडी तिथेच थांबेल. मग मागे मागे, मागचं चाक आधी. इथे पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवू नका. उलट्या उतरत्या स्कूटरचा भार खालच्या, म्हणजे मागच्या चाकावर असतो, आणि वर राहिलेलं पुढचं चाक ब्रेक लागूनही घसरतं. गिअरलेस स्कूटरमध्ये मागचा ब्रेक डाव्या मुठीला असतो, म्हणून डाव्या बाजूला उभं राहून डावी मूठ दाबत, सोडत, दाबत उतरायचं. जुन्या गिअरच्या स्कूटरमध्ये मागचा ब्रेक पायात असतो आणि बाजूला चालताना तो दाबता येत नाही, तिथे मागे दुसरा माणूस लागतोच. तो थेट मागे नको, मागे आणि थोडा बाजूला.

जुन्या स्कूटरला इतकं सगळं लागायचं का?

काही कामांना नाही. १९४६ मध्ये आलेली व्हेस्पा कोरादिनो दास्कानियो या विमान अभियंत्याने आखली आणि पुढचं चाक एकाच दांड्यावर बसवलं, विमानाच्या चाकासारखं. एक्सल न काढता नुसते नट सोडले की चाक बाजूने हातात येतं, आणि रस्त्याच्या कडेलाही टायर बदलता येतो. तिथे दुरुस्ती करणाऱ्याचा विचार आधीच झाला होता. मला ती रचना अजूनही आवडते. अर्थात त्या स्कूटरचं इंजिन उजव्या अंगाला असल्याने ओट्यावर ती उजवीकडे जड लागते, पट्टा ताणताना ते ध्यानात ठेवा.

ओटा एरवी ठेवायचा कुठे? घरात जागा नाही.

पाय बिजागरीने दुमडणारे करू नका, तिथेच डगमग सुरू होते. त्यापेक्षा ओटा एक-एक मीटरच्या दोन पेट्यांचा बनवा आणि वापरताना मधोमध दोन मोठ्या बोल्टांनी जोडा. एरवी पेट्या भिंतीशी उभ्या राहतात, त्यांत डबे, पाने, जुने टायर मावतात. रॅम्पची फळी त्यांच्या मागे उभी सरकवा. बोल्ट हरवू नयेत म्हणून मी ते पेटीतच सुतळीने बांधून ठेवतो.